समूह-खरेदीचे कूपन : सवलत कुणाची, भुर्दंड कुणाला?

चेन्नईच्या मांबलम स्थानकावर लोकलमधून उतरणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. पूर्वेकडे उतरले की थेट रंगनाथन स्ट्रीट लागते. मजल्यावर मजले चढविलेली वस्त्रभांडारे, भांड्यांची आणि दागिन्यांची प्रचंड दुकाने आणि त्यांच्या दारांत दाटलेली गर्दी, असा हा त्यागराय नगरचा बाजार. पश्चिमेकडे उतरले की वेस्ट मांबलमची वस्ती सुरू होते. स्टेशन रोड, आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम्, आणि त्यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत फुलवाले, भाजीवाले, पूजासाहित्याची दुकाने, शिंपी, शिकवण्या, ब्यूटी पार्लर आणि आपल्याकडे ज्याला खानावळ म्हणतात आणि तिकडे ज्याला ‘मेस’ म्हणतात, ती केळीच्या पानावर सांबार-भात वाढणारी छोटी भोजनगृहे. मधून फक्त रेल्वेचे रूळ जातात. परंतु पूर्वेकडे मोठे भांडवल आहे आणि पश्चिमेकडे मुख्यतः कुटुंबाच्या श्रमावर चालणारा धंदा आहे. १६ मे २०२३ रोजी स्थानकापासून त्यागराय नगरच्या बसस्थानकापर्यंत उन्नत पादचारी मार्ग खुला झाला. प्रवाशांची सोय झाली. परंतु पश्चिमेकडच्या दुकानदारापुढचा जुना प्रश्न कायम राहिला : गिऱ्हाईक आपल्या गल्लीत आणावयाचे कसे?

या प्रश्नाला गेल्या दीड दशकात एक नवे उत्तर देण्यात आले. संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरील ॲपवर आपल्या मालाची वा सेवेची सवलत जाहीर करा, ठराविक संख्येने लोकांनी ती आगाऊ विकत घेतली की सौदा पक्का, आणि मग शेकडो नवी गिऱ्हाइके कूपन हातात घेऊन आपल्या दारी येतील. जाहिरातीला एक पैसा आगाऊ द्यावयास नको. याला नाव मिळाले ‘समूह-खरेदी’. नाव मोठे आकर्षक आहे. लोकांनी एकत्र यावे, एकजुटीने खरेदी करावी आणि भाव खाली आणावा, या कल्पनेत श्रमजीवी चळवळीला आक्षेपार्ह असे काय असणार? म्हणूनच या नावामागे प्रत्यक्षात कोणता समूह आहे आणि सवलतीची रक्कम शेवटी कोणाच्या खिशातून जाते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

सवलत ही नवी गोष्ट नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सवलत देऊन गिऱ्हाईक ओढणे हा प्रकार कोणत्याही अमेरिकन कंपनीने शोधून काढलेला नाही. तामिळनाडूत ‘आडी तळ्ळुपडी’ सर्वांच्या परिचयाची आहे. आडी हा तमिळ महिना साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतो. या महिन्यात लग्नकार्ये होत नाहीत, नव्या वस्तूंची मोठी खरेदी टाळली जाते, आणि कापड दुकानांत शुकशुकाट होतो. पडून राहिलेला माल हलविण्यासाठी आणि बसून असलेल्या नोकरांना काम मिळावे म्हणून व्यापाऱ्याने या महिन्यात भाव उतरविण्याचा प्रघात पाडला. हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थांची विक्रीसंस्था ‘को-ऑप्टेक्स’ १९३५ साली स्थापन झाली. तीही सणासुदीला सूट देत आली आहे.

या जुन्या सवलतीत तीन गोष्टी दुकानदाराच्या हाती असतात. सवलत केव्हा द्यावयाची हे तो ठरवितो; मंदीच्या दिवसांत देतो, तेजीच्या दिवसांत बंद करतो. किती द्यावयाची हेही तोच आपल्या खरेदीच्या भावाकडे पाहून ठरवितो. आणि जो गिऱ्हाईक येतो त्याची ओळख दुकानदाराशी होते. पैसा सरळ गल्ल्यात पडतो. सवलत ही या अर्थाने दुकानदाराचे स्वतःचे साधन होती. कूपनाच्या धंद्याने नेमक्या या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून काढून घेतल्या.

कंपनीचा जन्म आणि तिचा हिशेब

या धंद्याची मूळ कंपनी ‘ग्रुपॉन’. नोव्हेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतील वित्तीय अरिष्ट ऐन भरात असताना, शिकागो येथे तिने व्यवसाय सुरू केला. हा मुहूर्त योगायोगाचा नव्हता. मंदीत छोट्या उपाहारगृहांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, ग्राहकांच्या हाती पैसा कमी होता, आणि वित्तभांडवल नव्या क्षेत्रांच्या शोधात होते. रिकाम्या खुर्चीची अगतिकता आणि कमी पगाराची अगतिकता या दोहोंच्या मध्ये एक दलाल उभा राहिला. सुरुवातीच्या काळातील अमेरिकेतला प्रघात असा होता की, दुकानदाराने किंमत निम्म्यावर आणावयाची आणि त्या निम्म्यातला साधारण अर्धा वाटा कंपनीने घ्यावयाचा. म्हणजे शंभर रुपयांच्या मालाचे दुकानदाराच्या हाती पंचवीस रुपये!

शिवाय पैशाचा प्रवास पाहण्यासारखा होता. ग्राहक कूपनाचे पैसे आगाऊ भरी. ते कंपनीकडे जमा होत. उत्तर अमेरिकेत दुकानदाराचा वाटा त्याला साठ दिवसांत हप्त्याहप्त्याने मिळे. इतर बहुतेक देशांत कूपन प्रत्यक्ष वापरले गेल्यावरच दुकानदाराला पैसे मिळत, आणि जे कूपन कोणी वापरलेच नाही त्याची रक्कम कंपनीकडे राही. याचा सरळ अर्थ असा की, ज्या छोट्या दुकानदाराला भांडवलाची चणचण म्हणून जाहिरातही परवडत नव्हती, त्याच्याच पैशावर कोट्यवधी डॉलरची कंपनी आपला रोजचा व्यवहार चालवीत होती.

२०११ साली कंपनीने शेअरबाजारात उतरण्यासाठी कागदपत्रे दाखल केली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. २०१० सालची मिळकत तिने सुमारे ७१ कोटी डॉलर दाखविली होती. त्या आकड्यात दुकानदारांना द्यावयाची रक्कमही मोजली होती. ती वजा करून फेरहिशेब झाला तेव्हा मिळकत सुमारे ३१ कोटी डॉलरवर आली. त्या वर्षीचा तोटा चाळीस कोटी डॉलरहून अधिक होता. तरीही गुंतवणूकदारांकडून उभारलेल्या भांडवलाचा मोठा भाग धंद्यात न घालता जुन्या भागधारकांचे शेअर परत घेण्यात खर्च झाला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये वीस डॉलर भावाने शेअर विकून ७० कोटी डॉलर उभे करण्यात आले आणि कंपनीचे मोल बाराशे कोटी डॉलरच्या पुढे धरले गेले. वर्षभरात तो शेअर तीन डॉलरच्या खाली घसरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये संस्थापक अँड्र्यू मेसन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. जे लवकर आले ते पैसा घेऊन बाहेर पडले. मागाहून आलेल्यांच्या हाती घसरलेले कागद राहिले.

भारतात याच वाटेने

भारतात या प्रकाराला २०१० च्या सुमारास ऊत आला. कुणाल बहल आणि रोहित बन्सल यांनी त्या वर्षी सुरू केलेली ‘स्नॅपडील’ प्रथम अशी कूपनेच विकत असे. दुसऱ्याच वर्षी तिने तो मार्ग सोडला आणि वस्तूंचा ऑनलाइन बाजार मांडला. जानेवारी २०११ मध्ये ग्रुपॉनने ‘सोसस्ता’ ही भारतीय कंपनी विकत घेऊन येथे प्रवेश केला; काही काळ ‘क्रेझील’ या नावाने आणि नंतर स्वतःच्या नावाने तिने चेन्नईसह अनेक शहरांत कूपने विकली.

सप्टेंबर २०१३ मधला तिचा एक प्रयोग महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. कांद्याचा किरकोळ भाव किलोला साठ ते ऐंशी रुपयांवर गेला असताना या कंपनीने नऊ रुपये किलोने कांदा जाहीर केला. पहिल्या दिवशी तासाभराच्या आत तीन हजार किलोंची विक्री झाली, संकेतस्थळ कोलमडले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हा नऊ रुपयांचा भाव काही लासलगावच्या शेतकऱ्याशी एकजुटीने करार करून मिळालेला नव्हता, की साठेबाजाला आवर घातल्यामुळे उतरलेला नव्हता. तो कंपनीच्या जाहिरात-खर्चातून आलेला होता. कांदा हे केवळ निमित्त. खरा माल होता तो हजारो नव्या ग्राहकांचे पत्ते आणि फोन क्रमांक. आठवडाभरात तमाशा संपला. कांदा महागच राहिला आणि उत्पादकाच्या पदरी काहीच पडले नाही.

२०१५ मध्ये ग्रुपॉनने भारतातील धंद्यातून अंग काढून घेतले. येथील व्यवस्थापकांनी ‘सिकोइया’ या गुंतवणूक संस्थेच्या पैशावर तो ‘नियरबाय’ नावाने पुढे चालविला आणि डिसेंबर २०१७ मध्ये तो ‘पेटीएम’च्या छत्राखाली गेला. मालक बदलले, नावे बदलली. गल्लीतल्या दुकानदारापुढे मांडला जाणारा हिशेब मात्र तोच राहिला.

एका खानावळीचा हिशेब

आता हा हिशेब वेस्ट मांबलमच्या एखाद्या गल्लीत नेऊन पाहावा. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, परंतु कोणत्याही छोट्या खानावळीच्या मालकाला ते ओळखीचे वाटतील. समजा, एका जेवणाची किंमत १२० रुपये आहे. तांदूळ, डाळ, भाजी, तेल आणि गॅस यांवर ६० रुपये जातात. मजुरी, भाडे आणि वीज यांचे ४० रुपये पडतात. मालकाच्या कुटुंबाला उरतात २० रुपये. आता निम्म्या किमतीचे कूपन काढले. ग्राहकाने ६० रुपये भरले. कंपनीने त्यातला चौथा हिस्सा, १५ रुपये, घेतला. खानावळीच्या हाती ४५ रुपये आले. म्हणजे मजुरी आणि भाडे बाजूस ठेवले तरी नुसत्या शिध्यात आणि गॅसमध्ये दर पानामागे १५ रुपयांची खोट! अशी पाचशे कूपने खपली तर साडेसात हजार रुपये खिशातून गेले.

यावर कंपनीचा प्रतिनिधी उत्तर देतो की, ही खोट नव्हे, ही जाहिरात आहे. आलेल्यांपैकी काही लोक पुन्हा येतील. ठीक आहे. दर पानामागे २० रुपये सुटतात असे धरले तर साडेसात हजार भरून काढण्यास पूर्ण किमतीची ३७५ जेवणे विकावी लागतील. पाचशेपैकी पन्नास माणसे परत आली असे मानले, तर त्या प्रत्येकाने सात-आठ वेळा येऊन पूर्ण पैसे दिले पाहिजेत, तेव्हा कोठे खानावळ मूळपदावर येईल. परंतु ज्याला साठ रुपयांत जेवण मिळाले तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या खानावळीचे कूपन घेतो. कारण कंपनीनेच त्याला ती सवय लावलेली असते. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हाती कूपन पडले, तर एरवी येणाऱ्या १२० रुपयांच्या जागी ४५ रुपये येतात. दुपारी बारा ते दोन या वेळात जागा मोजक्याच असतात. कूपनवाल्यांच्या गर्दीत रोजचा म्हातारा पेन्शनर दारातून परत जातो, तो पुन्हा येतोच असे नाही.

हा धोका काल्पनिक नाही. इंग्लंडमधील रेडिंग येथील एका छोट्या केकच्या दुकानाने २०११ साली २६ पौंडांचे डझनभर कपकेक साडेसहा पौंडांना देण्याचा सौदा ग्रुपॉनवर मांडला. साडेआठ हजार लोकांनी तो घेतला. एक लाख दोन हजार केक भाजणे भाग पडले. बाहेरून २५ कामगार आणावे लागले. आणि सुमारे साडेबारा हजार पौंडांचा तोटा होऊन दुकानाचा वर्षाचा नफा धुऊन निघाला. संख्येला वरची मर्यादा घालण्याइतकी साधी दक्षता राहून गेली होती. परंतु अशी मर्यादा घालण्यात कंपनीचे हित नसते. जितकी कूपने अधिक तितकी दलाली अधिक; केक भाजण्याचे श्रम तिला करावयाचे नसतात.

मात्र प्रत्येक धंद्याची गत अशीच होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे उत्पल ढोलकिया यांनी २०१० साली ग्रुपॉनची सवलत दिलेल्या १५० व्यवसायांची पाहणी केली. ६६ टक्क्यांना ती फायद्याची ठरली होती, ३२ टक्क्यांना तोटा झाला होता, आणि ४० टक्क्यांहून अधिक व्यवसायांनी पुन्हा अशी सवलत देणार नसल्याचे सांगितले. सेवा-व्यवसायांत उपाहारगृहांची स्थिती सर्वांत वाईट आढळली. केशकर्तनालये आणि सौंदर्यप्रसाधनगृहे यांची बरी. याचे कारण उघड आहे. ब्यूटी पार्लरमध्ये ४०० रुपयांच्या सेवेत सामान लागते समजा ५० रुपयांचे. निम्म्या किमतीतून कंपनीचा चौथा हिस्सा वजा जाता १५० रुपये उरले, तरी दुपारची खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा शंभर रुपये पदरात पडले. शिकवणीच्या वर्गात एक विद्यार्थी वाढला तर खर्च जवळजवळ वाढतच नाही. जेथे साधने पडून आहेत आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे नवा खर्च थोडा आहे, तेथे बेताने दिलेली सवलत उपयोगी पडते. जेथे प्रत्येक पानामागे शिधा खर्ची पडतो, तेथे ती घर बुडविते. तांदळाला आणि तेलाला कंपनी निम्मा भाव करून देत नाही!

खोट शेवटी कोठे जाते?

परंतु हिशेब एवढ्यावर संपत नाही. मालकाची खोट मालकाकडेच थांबते असे नाही. खानावळीत रोज दीडशे पाने वाढणाऱ्या दोघांना कूपनांच्या आठवड्यात अडीचशे पाने वाढावी लागतात. पहाटे चारला पीठ वाटणारी, दुपारी भांडी घासणारी बाई तीच असते आणि तिची मजुरीही तीच असते. मालकाला वर १५ रुपयांची खोट बसली की तो प्रथम तेलात काटकसर करतो, मग भाजीत, आणि शेवटी मजुरीत. दुसरा माणूस ठेवण्याचे लांबणीवर पडते, साप्ताहिक सुटी बुडते, पगार पुढच्या महिन्यावर जातो. ढोलकिया यांच्या त्याच पाहणीत असे दिसले की, सवलत फायद्यात उतरणे आणि दुकानातील कर्मचारी समाधानी असणे यांचा निकट संबंध होता. व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट कामगाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे : फुकट वाटलेल्या मालाचे श्रम कोणी तरी केलेले असतात.

‘ग्राहकाला स्वस्त मिळाले तर बिघडले कोठे?’ असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकांतूनही विचारला जातो आणि तो टाळता येणार नाही. महागाईने गांजलेल्या कारकुनाने किंवा कामगाराने साठ रुपयांचे जेवण का नाकारावे? त्याने ते नाकारावे असे कोणीही म्हणणार नाही. दोष कूपन घेणाऱ्याचा नाही. परंतु हा स्वस्तपणा टिकाऊ नसतो. तो एकतर गुंतवणूकदाराच्या पैशावर चालतो, तेव्हा बाजार हाती येताच बंद होतो. किंवा दुकानदाराच्या खोटीवर चालतो, तेव्हा दुकान बंद पडताच संपतो. पगारवाढीची जागा कूपन घेऊ शकत नाही आणि रेशन दुकानाची तर मुळीच नाही.

एकाकी दुकानदार आणि संघटित कंपनी

या सर्व व्यवहारात ‘समूह’ कोठे आहे, हा मूळ प्रश्न येथे येतो. कूपन घेणारे पाचशे लोक एकमेकांना ओळखत नाहीत; ते एकत्र बसून भाव ठरवीत नाहीत; त्यांची यादी त्यांच्याकडे नसते, कंपनीकडे असते. दुसऱ्या बाजूला एकाच गल्लीतल्या चार खानावळींशी कंपनी वेगवेगळी बोलणी करते. शेजाऱ्याने ४० टक्के सवलत दिली आहे, तुम्ही ५० द्या, असे प्रत्येकाला सांगितले जाते. ग्राहक सुटे, दुकानदार सुटे. संघटित आहे ती फक्त कंपनी. सुट्यांच्या सुटेपणावर चालणाऱ्या धंद्याला समूह-खरेदी म्हणणे ही शब्दांची चोरी आहे.

सुटेपणा संपला की चित्र कसे बदलते याचे उदाहरण याच देशात घडले. ‘झोमॅटो’ कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गोल्ड’ योजना आणली. वर्गणी भरणाऱ्या सभासदाला एका पदार्थावर दुसरा फुकट. वर्गणी कंपनीने घ्यावयाची आणि फुकटचा पदार्थ उपाहारगृहाने द्यावयाचा, अशी ही वाटणी! ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया’च्या पुढाकाराने अनेक शहरांतील हजाराहून अधिक उपाहारगृहे अशा योजनांतून एकदम बाहेर पडली. कंपनीला आपल्या अटींत बदल जाहीर करावे लागले आणि २०२० मध्ये ती योजना त्या रूपात गुंडाळली गेली. पुढे याच संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. ही संघटना मुख्यतः मोठ्या आणि मध्यम उपाहारगृहांची. वेस्ट मांबलमच्या मेसवाल्याला तेथे जागा नाही. परंतु धडा त्यालाही लागू आहे. तामिळनाडूच्या छोट्या दुकानदारांना तो अपरिचितही नाही. १ मार्च २०१७ पासून कोकाकोला आणि पेप्सी विक्रीस न ठेवण्याचे आवाहन तेथील व्यापारी संघटनांनी केले, तेव्हा किराणा दुकानदार एकत्र येऊ शकतो हे त्या राज्याने पाहिले.

शासनाने काय करावे याचाही विचार झाला पाहिजे. चीनमध्ये २०१० नंतर अशा संकेतस्थळांचा सुळसुळाट होऊन अखेर ‘मेइतुआन’ सारखी एखादी कंपनी बलाढ्य होऊन उरली. परंतु वस्तीवस्तीत समूह-खरेदीच्या नावाने तोट्यात भाजी विकून मंडईतला छोटा विक्रेता उखडला जाऊ लागला, तेव्हा मार्च २०२१ मध्ये तेथील बाजार-नियमन प्रशासनाने अशा पाच मंचांना मिळून ६५ लाख युआन दंड केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दुकानदारांना फक्त आपल्याशीच व्यवहार करण्यास भाग पाडल्याबद्दल मेइतुआनला ३४४ कोटी युआनचा दंड झाला. दंडाने सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. परंतु तोट्यात विकून बाजार काबीज करणे हा गुन्हा आहे, एवढे तरी राज्यसंस्थेने स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे.

खरी समूह-खरेदी

वेस्ट मांबलमपासून काही मैलांवर, त्याच शहराच्या ट्रिप्लिकेन भागात, १९०४ साली ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ विणकर आणि कारागिरांनी उघडलेल्या सहकारी दुकानाचा नमुना तिच्यापुढे होता. तत्त्व साधे होते. सभासदांनी भांडवल जमवावयाचे, माल घाऊक घ्यावयाचा, आणि जो नफा होईल तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदाला परत द्यावयाचा. ही समूह-खरेदी होती. कारण समूह खरा होता, हिशेबाची वही त्याच्या हाती होती आणि मधला वाटा कोणाचा नव्हता. महाराष्ट्रात १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेल्या ‘अपना बाजार’ने हेच केले, १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र मागणी नोंदविण्याची आणि माल वाटून घेण्याची पद्धत चालविली.

खानावळवाल्यांसाठी तर याहून जवळचे उदाहरण आहे. गिरणगावात हजारो स्त्रिया गिरणी कामगारांना जेवण घालून संसार चालवीत. वाण्याकडून उधारीवर चढ्या भावाने शिधा आणावयाचा आणि सावकाराचे व्याज भरावयाचे, हा त्यांचा फास होता. १९७५ मध्ये कम्युनिस्ट चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले. खानावळवालीला तेव्हा शिधा उधारीवर मिळे, आज तिला गिऱ्हाईक उधारीवर मिळते. दोन्ही ठिकाणी व्याज इतके भारी की मुद्दल कधी फिटत नाही. त्या वेळी उपाय एकजुटीचा होता; आजही दुसरा नाही.

म्हणून शहराशहरांतील कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे उभी राहतात. दुकानदाराला ‘कूपन घेऊ नका’ असे नुसते सांगण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाविना बसलेल्या माणसाला उपदेश नको असतो. त्याच्यासमवेत बसून दर पानामागचा हिशेब कागदावर मांडला पाहिजे. सवलत द्यावयाचीच तर ती दुपारी तीन ते सहा अशा रिकाम्या वेळेपुरती असावी, कूपनांच्या संख्येला वरची मर्यादा असावी, पैसे किती दिवसांत मिळणार हे लेखी असावे, आणि गिऱ्हाइकाचे नाव व फोन क्रमांक त्याच्या संमतीने दुकानदाराच्या वहीतही उतरावेत. एका गल्लीतल्या दुकानांनी मिळून स्वतःची सवलत-पुस्तिका काढली, तर दलालीचा चौथा हिस्सा वाचतो आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभे करण्याचा मार्ग बंद होतो. दुकानातल्या नोकराला जादा कामाची जादा मजुरी मिळाली पाहिजे, ही अट त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असली पाहिजे. नाही तर मालकांची एकजूट नोकराच्या पाठीवरच उभी राहील. आणि शासनाकडे मागणी ही की, कंपनीची दलाली, पैसे चुकते करण्याची मुदत आणि न वापरलेल्या कूपनांचा हिशेब यांना कायद्याचे बंधन असावे.

कामगार आणि छोटा दुकानदार यांच्यात हितसंबंधांचे अंतर आहे, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु गल्लीतली खानावळ बंद पडली तर तेथे वाढणारा बेकार होतो, तेथे जेवणारा लांब जातो आणि महाग जेवतो, आणि त्या रिकाम्या जागेत रुळांच्या पलीकडचे मोठे भांडवल येऊन बसते. भाव उतरविण्याची ताकद लोकांच्या एकत्र येण्यात आहे, हे कंपनीने ओळखले आणि ती ताकद स्वतःच्या नावावर चढविली. ती लोकांच्या नावावर परत आणणे हे काम मांबलमच्या गल्लीत जितके आवश्यक आहे तितकेच नायगावात, इचलकरंजीत आणि सोलापुरात आहे.